वृद्धनिवास आणि वादळ-पुराची पूर्वतयारी : बीदर–कलबुर्गी सीमाभागाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

चक्रीवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओडिशा, आंध्र किंवा कोकण किनारा येतो. बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत, तेव्हा वादळाचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यातून ‘वृद्धाश्रमातील आपत्कालीन तयारी’ हा विषय तर अनेकांना परदेशी वाटेल. आपल्याकडे आई-वडील घरातच असतात, वृद्धाश्रम ही आपली रीत नव्हे, असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जातो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुती तपासून पाहावयाच्या आहेत. वादळ आपल्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचते, वृद्धांनाच त्याचा फटका अधिक का बसतो, जगातील अनुभव काय सांगतो आणि या भागातील वृद्धनिवासांनी कोणती तयारी ठेवावी, असा लेखाचा क्रम आहे. शेवटी महाविद्यालयीन अध्यापकांचा, विशेषतः भाषा शिकविणाऱ्यांचा, यात काय वाटा असू शकतो याचा विचार केला आहे. ‘वृद्धनिवास’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. नोंदणीकृत वृद्धाश्रम त्यात येतातच. परंतु मुले पुणे, हैदराबाद किंवा आखाती देशांत आहेत आणि घरात केवळ म्हातारा-म्हातारी उरली आहेत, अशी घरेही त्यात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हा भार यापुढे वाढतच जाणार आहे.

वादळ आपल्याकडे कसे येते?

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच नैसर्गिक घटनेची प्रदेशपरत्वे नावे होत. अटलांटिक महासागरात तिला हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून आणि बंगालचा उपसागर व अरबी समुद्रात सायक्लोन म्हणतात. उबदार समुद्रावरील बाष्पातून या वादळाला शक्ती मिळते. जमिनीवर आल्यावर हा पुरवठा तुटतो व वारा मंदावतो, परंतु ढगांत साठलेले पाणी नाहीसे होत नाही. म्हणूनच किनाऱ्यावर जे संकट वाऱ्याचे असते, ते दख्खनच्या पठारावर पावसाचे आणि नदीच्या पुराचे होऊन येते.

याचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२० मध्ये आपण अनुभवले. १३ ऑक्टोबरला सकाळी बंगालच्या उपसागरातील एक खोल अवदाब आंध्र प्रदेशात काकिनाडाजवळ किनाऱ्यावर आला. तेथून तेलंगण, उत्तर कर्नाटक व महाराष्ट्र असा त्याने प्रवास केला. ताशी ६२ किलोमीटर वेग ओलांडल्याशिवाय भारतीय हवामान विभाग ‘चक्रीवादळ’ ही संज्ञा वापरीत नाही. हा अवदाब त्या पायरीपर्यंत पोहोचलाच नव्हता, म्हणून त्याला नावही मिळाले नाही. परंतु त्याच्या पावसाने भीमा, सीना, कागिणा या नद्यांना महापूर आला. उजनी धरणातून सोडलेले पाणी आणि मधल्या पाणलोट क्षेत्रात पडलेला पाऊस एकत्र होऊन अफजलपूर तालुक्यातील सोन्न बंधाऱ्यावर आला आणि अफजलपूर, जेवर्गी, चित्तापूर या भागांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. त्यापूर्वी २००९ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी उत्तर कर्नाटकात असाच प्रलय झाला होता व त्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागातील अतिवृष्टीनंतर भीमेच्या पुराने पुन्हा कलबुर्गी, विजयपूर व यादगीर जिल्ह्यांना वेढले आणि बीदर जिल्ह्यातही पिकांचे व घरांचे मोठे नुकसान झाले.

या घटनांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, धोका ओळखण्यासाठी वादळाच्या नावाची वाट पाहू नये. दुसरी, आपल्या नद्या सीमा मानीत नाहीत. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावून लातूरमार्गे बीदरमध्ये येते, भीमा पुणे व सोलापूर ओलांडून कलबुर्गीत येते. त्यामुळे आपल्या अंगणात ऊन असतानाही पूर येऊ शकतो. वरच्या भागातील पाऊस आणि धरणाचा विसर्ग यांची बातमी हीच आपली खरी पूर्वसूचना होय.

वृद्धांना धोका अधिक का?

आपत्ती सर्वांवर सारखी कोसळते असे म्हटले जाते, परंतु ते पूर्णपणे खरे नाही. वयोमानानुसार तहानेची जाणीव कमी होते, घाम कमी येतो, हृदय व मूत्रपिंडे यांची ताण सोसण्याची शक्ती घटते. रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या शरीरातील पाणी बाहेर टाकतात. मनोविकारांवरील काही औषधांमुळे उष्णता सहन होत नाही. ऐकू कमी येते म्हणून दवंडी किंवा भोंगा कानी पडत नाही. दृष्टी मंद झालेली असल्याने अंधारात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला तर आपण घर का सोडत आहोत हेच कळत नाही. ती घाबरते, विरोध करते, कधी गर्दीत हरवते.

यात औषधांवर आणि विजेवर अवलंबून असण्याची भर पडते. मधुमेहाच्या रुग्णाचे न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. प्राणवायू तयार करणारे कॉन्सन्ट्रेटर यंत्र वीज गेली की थांबते. ज्यांना आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते, त्यांचा रस्ता चार दिवस बंद राहिला तर पुराचे पाणी घरात न शिरताही प्राणावर बेतते. अर्थात पूर ओसरल्यावरही संकट संपत नाही. दूषित पाण्याने होणारे जुलाब तरुणाला चार दिवस अंथरुणावर ठेवतात, वृद्धाला मात्र ते कायमचे अंथरुणावर ठेवू शकतात.

जगाचा अनुभव

अमेरिकेत अशा निवासांची संख्या मोठी असल्याने तेथील चुका आणि त्यांतून घेतलेले धडे नोंदले गेले आहेत. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना हे हरिकेन लुइझियाना राज्यावर आदळले. तेथील सेंट रीटाज या शुश्रूषागृहातून वृद्धांना वेळीच हलविण्यात आले नाही. पाणी झपाट्याने चढले आणि ३५ रहिवासी मृत्युमुखी पडले. यावरून वृद्धांना नेहमी आधीच हलवावे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु महिनाही उलटण्यापूर्वी रीटा या दुसऱ्या वादळापुढे पळताना, २३ सप्टेंबर २००५ रोजी, टेक्सासमधील एका शुश्रूषागृहातील वृद्धांना नेणाऱ्या बसला डॅलसजवळ आग लागली. बसमधील प्राणवायूच्या नळकांड्यांनी ती भडकली आणि २३ जण दगावले. हलविण्याचा ताणच तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढवितो, असे तेथील नंतरच्या अभ्यासांतही आढळले. तात्पर्य, ‘थांबावे की निघावे’ याला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक इमारतीने आपले उत्तर शांततेच्या काळात ठरवून ठेवावे लागते.

तिसरे उदाहरण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातील हॉलिवूड हिल्स येथील एका निवासाची वातानुकूलन यंत्रणा विजेअभावी बंद पडली. इमारत पडली नाही, पाणीही शिरले नाही. तरीही उष्म्याने रहिवासी एकामागून एक कोसळले आणि १२ मृत्यूंना ही उष्णताच कारणीभूत ठरविण्यात आली. सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे रस्त्याच्या पलीकडेच मोठे रुग्णालय होते व तेथे वीज होती. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडा राज्याने कायदा करून अशा सर्व निवासांना पर्यायी वीज आणि किमान ९६ तास आतील तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या, वर जाऊ न देण्याची व्यवस्था सक्तीची केली.

कलबुर्गीचा एप्रिल-मे आठवावा. पारा ४३-४४ अंशांवर, दुपारी वळवाचे वादळ, विजेचे खांब आडवे आणि रात्रभर पंखा बंद. इर्माची पुनरावृत्ती होण्यासाठी आपल्याकडे हरिकेनची गरजही नाही.

तयारीने काय साधते, हे आपल्या देशातच दिसून आले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१९ मध्ये फनी वादळापूर्वी तेथे बारा लाखांच्या आसपास लोकांना सुरक्षित स्थळी नेण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

कायद्याची चौकट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम १९ नुसार राज्य शासनाला प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावून घेईल असा वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने स्थापन करता येतो व त्याच्या व्यवस्थापनाचे निकषही ठरविता येतात. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते आणि ते जिल्ह्याची आपत्ती योजना तयार करते. हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवले की आपले काम स्पष्ट होते. आपल्या गावातील वृद्धनिवास जिल्ह्याच्या आपत्ती योजनेच्या यादीत आहे की नाही, हे विचारावयाचे. यादीत नाव नसेल तर बोट कोठे पाठवावी हे बचाव पथकाला कळणार नाही.

एका निवासाचा हिशेब

तयारी म्हणजे मोठा खर्च, असा गैरसमज आहे. प्रत्यक्षात आरंभ हिशेबाने होतो. समजा एका निवासात २० वृद्ध व ४ कर्मचारी आहेत. २० पैकी ९ स्वतः चालतात, ६ जणांना आधार लागतो आणि ५ जण अंथरुणाला खिळलेले आहेत.

१. हलविण्याचा हिशेब : खिळलेल्या व्यक्तीला चादरीच्या किंवा सतरंजीच्या झोळीतून जिन्यावरून नेण्यास चार माणसे लागतात. जाण्या-येण्यास दहा मिनिटे धरली तर पाच जणांसाठी पन्नास मिनिटे होतात. परंतु रात्री निवासात दोनच कर्मचारी असतील तर चौघांची एक तुकडीही उभी राहत नाही. म्हणून शेजारच्या दहा धडधाकट तरुणांची नावे व फोन क्रमांक भिंतीवर लावलेले असावेत आणि त्या तरुणांनी एकदा तरी सराव केलेला असावा. खिळलेल्या व्यक्तींच्या खोल्या पूरप्रवण जागी वरच्या मजल्यावर, इतरत्र दारालगत असाव्यात.

२. पाण्याचा हिशेब : आपत्तीत पिणे, स्वयंपाक व स्वच्छता यांसाठी माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी लागते, असा आंतरराष्ट्रीय स्फिअर मानक सांगतो. २४ माणसे, तीन दिवस म्हणजे १०८० लिटर. गच्चीवरील हजार लिटरची एक टाकी इशारा मिळताच भरून घेतली की हा प्रश्न जवळजवळ सुटतो. पिण्यासाठी माणशी ४ लिटर धरून सुमारे २९० लिटर पाणी वेगळे झाकून ठेवावे. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच द्यावे व मीठ-साखर-पाण्याची तयार पाकिटे जवळ असावीत.

३. प्राणवायूचा हिशेब : लहान ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर या गतीने तो साडेबारा तास पुरतो. ‘डी’ प्रकारच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७००० लिटर असतो व तो त्याच गतीने ५८ तास पुरतो. कॉन्सन्ट्रेटर असलेल्या प्रत्येक रहिवाशासाठी किती तासांची सोय आहे, हे कागदावर असावे. सिलिंडर उभा बांधलेला आणि चुलीपासून दूर असावा.

४. विजेचा हिशेब : इन्व्हर्टरवर आधी काय चालेल, याचा क्रम ठरवावा. वैद्यकीय उपकरण, एक-दोन दिवे, एका मोठ्या खोलीतील पंखे आणि मोबाइलचे चार्जिंग एवढे पुरे. सर्व वृद्धांना त्या एकाच खोलीत आणावे. जनरेटर तळघरात किंवा सखल जागी ठेवू नये, पाणी शिरले की तो सर्वांआधी बंद पडतो. बंद खोलीतही तो चालवू नये, त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय जीव घेतो. महिन्यातून एकदा त्यावर खरोखरीचा भार टाकून पाहावा.

५. औषधे व कागदपत्रे : प्रत्येक वृद्धाची एक कापडी पिशवी दाराशी टांगलेली असावी. तिच्यात सात दिवसांची औषधे, चष्मा, श्रवणयंत्राचे सेल, कवळीची डबी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आधार, शिधापत्रिका व दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या प्रती असाव्यात. गळ्यातील ओळखपत्रावर नाव, आजार, औषधांची नावे, कोणते औषध चालत नाही आणि नातेवाइकाचा क्रमांक लिहावा. वीज नसताना इन्सुलिन पाण्याने भिजविलेल्या मातीच्या मडक्यात, दुसऱ्या कोरड्या डबीत घालून, सावलीत ठेवता येते. वापरात असलेले इन्सुलिन साधारणपणे चार आठवडे खोलीच्या तापमानात टिकते, मात्र आपल्या उन्हाळ्यात ‘खोलीचे तापमान’ म्हणून ४० अंश चालत नाहीत.

६. निर्णयाची रेषा : कोणता इशारा आला की काय करावयाचे हे आधीच लिहून ठेवावे. हवामान विभागाच्या पिवळ्या इशाऱ्यावर टाकी व औषधे तपासावीत, नारिंगी इशाऱ्यावर शेजारच्या तरुणांना कळवावे आणि वाहन सांगून ठेवावे, लाल इशाऱ्यावर किंवा धरणाचा मोठा विसर्ग जाहीर होताच दिवसाउजेडी हलवावे. हा निर्णय कोण घेणार, त्या व्यक्तीचे नाव असावे. ती नसेल तर दुसरी कोण, हेही असावे. वरिष्ठांच्या फोनची वाट पाहत पहिला तास वाया जातो, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

तीन भाषांचा प्रश्न

आता सीमाभागाच्या खास अडचणीकडे वळू. भालकी, औराद, कमलनगर, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर या तालुक्यांत एकाच गल्लीत कन्नड, मराठी आणि दखनी उर्दू नांदतात. शासनाची सूचना कन्नडमध्ये येते. उजनीच्या विसर्गाची बातमी मराठीत येते. ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकजण, विशेषतः स्त्रिया, घरात बोलली जाणारी एकच भाषा नीट जाणतात. त्यातही ‘दोन लाख क्युसेक’ किंवा ‘ऑरेंज अलर्ट’ हे शब्द कोणत्याही भाषेत अर्थबोध करीत नाहीत. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. तेव्हा दोन लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला ५६ लाख लिटर. परंतु आजीला हा हिशेब नको असतो. पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागेल की दर्ग्याच्या ओट्यापर्यंत येईल, हे तिला सांगावे लागते. गावाने पाहिलेल्या मागील पुराची खूण हीच तिची मोजपट्टी असते.

सूचना देण्याचीही एक रीत आहे. वाक्य लहान असावे. काय होत आहे, किती वेळ आहे, काय उचलावयाचे, कोण न्यायला येणार, एवढ्या चारच गोष्टी त्यात असाव्यात. “आजी, पाणी चढतंय. दोन तासांत निघायचंय. औषधाची पिशवी घ्या. सलीम आणि बसवराज तुम्हाला न्यायला येतायत.” हेच वाक्य दखनीत आणि कन्नडमध्येही आधी तयार करून ठेवावे. ओळखीच्या माणसाचे नाव घेतले की वृद्ध व्यक्ती उठते, अनोळखी माणसाने घाई केली की ती दार लावून घेते. मशिदीचा व मंदिराचा ध्वनिक्षेपक हे आपल्याकडील सर्वांत जवळचे साधन आहे आणि त्यावरून तिन्ही भाषांतील सूचना द्यावी, यात कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

अध्यापकांनी काय करावे?

हे काम आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आपल्याच महाविद्यालयांत आहेत. २०१६ पासून ‘आपदा मित्र’ योजनेतून स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याची सुरुवात झाली आहे. या पार्श्वभूमीवर पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

एक, प्रत्येक महाविद्यालयाने जवळचे एक वृद्धनिवास, आणि ते नसेल तर जवळच्या मोहल्ल्यातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, आपल्याकडे घ्यावी. यादीत नाव, मजला, चालण्याची क्षमता व बोलीभाषा एवढी माहिती असावी. ती संमतीने घ्यावी आणि दोनच जबाबदार व्यक्तींकडे ठेवावी. दोन, भाषा विभागांनी इशाऱ्यांची वाक्ये तीन भाषांत तयार करून ती खऱ्या आजी-आजोबांना ऐकवून तपासावीत. भाषांतर विषयाच्या विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा चांगला प्रकल्प शोधून सापडणार नाही. तीन, वर्षातून दोनदा, मेच्या आरंभी व सप्टेंबरच्या आरंभी, झोळीने उचलण्याचा आणि टाकी-जनरेटर तपासण्याचा सराव घ्यावा. चार, ११२ हा आपत्कालीन क्रमांक, १०८ रुग्णवाहिका आणि १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी यांचे फलक मोठ्या अक्षरांत तिन्ही लिपींत लावावेत.

समारोप

वृद्धाश्रम ही आपली रीत नव्हे, या विधानाकडे शेवटी परत येऊ. आई-वडिलांची सेवा हे आपल्या समाजात कर्तव्य मानले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या घरात ते कर्तव्य करणारे हात रोजगारासाठी दूर गेले आहेत, तेथे केवळ कर्तव्याची भावना पाण्याला थोपवू शकत नाही. मुलगा दम्मामहून फोन करू शकतो, झोळीचे चौथे टोक धरू शकत नाही. ते टोक शेजाऱ्याने, विद्यार्थ्याने, सहकाऱ्याने धरावे लागते.

आपल्याकडे तहान लागल्यावर विहीर खणू नये असे म्हणतात. भीमेच्या काठावर ही म्हण उलटी वाचावी लागेल : पाणी दाराशी आल्यावर वाट शोधू नये. येत्या सप्टेंबरपूर्वी आपल्या गावातील एका तरी निवासात जाऊन रात्री तेथे किती माणसे ड्यूटीवर असतात, एवढा एकच प्रश्न विचारावा. पुढचे काम त्या उत्तरापासून सुरू होईल.